शेअरपॉइंट डेव्हलपमेंट: रोजच्या कामापलीकडे जाऊन कम्युनिटीत कसं शिरायचं?

सह्याद्री_डेव्ह (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत आहे. आधी डॉट नेटवर काम करत होतो, आता शेअरपॉइंट ऑनलाइनच्या (कंपनीचे दस्तऐवज, याद्या आणि अंतर्गत साइट्स सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, त्याची क्लाउडवरची आवृत्ती) प्रोजेक्टवर टाकलंय. एसपीएफएक्स (शेअरपॉइंट फ्रेमवर्क) वापरून वेबपार्ट म्हणजे पानावर बसणारे छोटे भाग, पॉवर ऑटोमेटचे फ्लो म्हणजे आपोआप चालणारी कामं, आणि जुन्या ॲड-इन्सचं (शेअरपॉइंटला जोडलेल्या ॲप्सचं) स्थलांतर असं कामाचं स्वरूप आहे. मित्र म्हणतात, "त्यात अडकलास की बाहेर पडणं मुश्कील." मला काम आवडायला लागलंय, म्हणून विचारतो:

हे कौशल्य टिकाऊ आहे का? आणि पीएनपी (मायक्रोसॉफ्ट ३६५ वर काम करणाऱ्यांची खुली कम्युनिटी), गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे सॅम्पल्स, प्रश्नोत्तरांच्या साइट्स हे जे जग आहे, त्यात माझ्यासारख्यानं कुठून सुरुवात करायची? माझा सगळा कोड क्लायंटचा, म्हणजे दाखवण्यासारखं हातात काहीच नाही.

---

तळटीप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबलचक आहे, कारण "टिकाऊ" काय आणि "टाकाऊ" काय हे या प्रॉडक्टच्या इतिहासातच दिसतं.

शेअरपॉइंट पोर्टल सर्व्हर २००१ साली आला. २००७ च्या आवृत्तीत आम्ही डीएलएल (कोडच्या फायली) लिहून थेट सर्व्हरच्या जीएसीमध्ये, म्हणजे सामायिक कोडच्या साठ्यात टाकायचो. एक वाईट लूप पूर्ण फार्म (एकत्र चालणारे सगळे सर्व्हर) खाली बसवू शकायचा. म्हणून २०१० मध्ये कोड मर्यादित चौकटीत चालवणारी सँडबॉक्स सोल्यूशन्स आली, नंतर ऑनलाइनवर त्यातला कोड चालणं बंद झालं. २०१३ मध्ये ॲप मॉडेल आलं, त्यालाच पुढे ॲड-इन म्हणायला लागले. मे २०१६ मध्ये एसपीएफएक्सची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१७ पासून ते सर्वांसाठी खुलं झालं. ॲड-इन्स बंद करणार हे नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, मुदत २ एप्रिल २०२६. शेअरपॉइंट २०१३ च्या वर्कफ्लोंनाही तीच तारीख. २०१० चे वर्कफ्लो तर ऑनलाइनवर नोव्हेंबर २०२० पासूनच बंद झाले.

म्हणजे कोड लिहायची पद्धत दर तीन-चार वर्षांनी बदलली. पण लिस्ट, लायब्ररी, कंटेंट टाइप (आयटमचे ठरलेले साचे), परवानग्यांचा वारसा (साइटच्या परवानग्या खाली आपोआप लागू होणं), सर्च हा पाया २००७ मध्ये शिकलेल्या माणसाला आजही उपयोगी पडतो. आणि त्याहून जास्त उपयोगी पडते ती एक जाण: खरेदीचा प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो तेव्हा नेमकं काय होतं, कोण अडवतं, कोणाला फक्त माहिती हवी असते. हे ज्याला कळलं तो प्लॅटफॉर्म बदलला तरी बेकार होत नाही.

स्थलांतराचं काम मिळालंय म्हणता, ते मनापासून करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेसमेंट टूल चालवून टेनंटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या त्या कंपनीच्या स्वतंत्र जागेत) कुठे काय जुनं दडलंय ते पाहा. दुसऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी घेतलेले निर्णय वाचायला मिळणं हे मोठं शिक्षण आहे.

---

उद्यमनगर

तळटीप यांना अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो.

कम्युनिटीत शिरायचं म्हणजे आधी काहीतरी भारी बनवायचं, असा समज असतो. माझं म्हणणं उलट आहे. एक अडचण घ्या, ती तळापर्यंत समजून घ्या, आणि त्याच अडचणीत अडकलेल्यांना उत्तर देत राहा. माझी ती अडचण होती पाच हजारांची मर्यादा. उदाहरण म्हणून तीच सविस्तर सांगतो.

लिस्टमध्ये तीन कोटी आयटम बसतात असं कागदोपत्री आहे, आणि ते खरंही आहे. पण एका क्वेरीनं पाच हजारांपेक्षा जास्त आयटम चाळायचा प्रयत्न केला की लिस्ट व्ह्यू थ्रेशोल्डची (मर्यादा ओलांडल्याची) चूक येते. लोक चिडतात, "एवढ्या मोठ्या कंपनीला पाच हजार ओळी झेपत नाहीत?" कारण खाली एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये आहे. एका कंटेंट डेटाबेसमधल्या सगळ्या साइट्सच्या सगळ्या लिस्टचे आयटम मुळात एकाच टेबलात राहतात. एका स्टेटमेंटनं साधारण पाच हजार लॉक (वाचता-लिहिताना ओळ अडवून धरणारी कुलपं) घेतले की एसक्यूएल सर्व्हर ओळींचे लॉक सोडून पूर्ण टेबलावर लॉक घेतो. तुमच्या एका व्ह्यूमुळे शेजारच्या खात्याचं काम थांबायला नको, म्हणून शेअरपॉइंट आधीच नाही म्हणतं. स्वतःच्या सर्व्हरवर ॲडमिनला ही मर्यादा बदलता येते, रात्रीची सवलतीची वेळही ठरवता येते. ऑनलाइनवर ती सोय नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. चोवीस हजार अर्जांची लिस्ट आहे. "स्थिती = प्रलंबित" असा व्ह्यू छान चालतो, "स्थिती = मंजूर" केला की फुटतो. फोरमवर प्रश्न येतो की "कधी चालतं, कधी चालत नाही, बग आहे." बग नाही. स्थिती या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, प्रलंबित अर्ज तीनशे आहेत, मंजूर एकोणीस हजार. इंडेक्स असून उपयोग नाही, कारण त्या गाळणीतून पाच हजारांपेक्षा जास्त खाली पडतात. मग आधी इंडेक्स असलेल्या तारखेवर गाळायचं, महिन्यापुरतं, आणि त्यानंतर स्थिती. दोन अटींमध्ये "किंवा" घातलात तर इंडेक्सचा फायदा बहुधा गेलाच म्हणून समजा. आणि इंडेक्स लिस्ट लहान असतानाच करून ठेवायचे. आयटम वीस हजारांच्या पुढे गेले की सेटिंगमधून नवा इंडेक्स करता येत नाही. चोवीस हजारांवर पोचलेल्या क्लायंटला हे सांगताना जीवावर येतं.

हा एवढा एक विषय पक्का झाला की त्यावरचे प्रश्न तुम्हाला रोज दिसायला लागतील. उत्तर देताना "इंडेक्स करा" एवढ्यावर थांबू नका, वरचं कारण लिहा. कारण समजलेला माणूस पुढच्या वेळी स्वतः उत्तर द्यायला येतो. माझ्या मते कम्युनिटी अशीच वाढते.

---

नोट्सवाले_काका

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी लोटस नोट्सवर (कंपनीतल्या लोकांनी दस्तऐवज आणि ईमेल वाटून वापरायचं जुनं सॉफ्टवेअर) वाढलेला माणूस. मुंबईत मुख्य कार्यालय, शाखा राज्यभर, आणि मध्ये डायल-अपची लाइन. तरुण मंडळींनी कदाचित नावही ऐकलं नसेल, म्हणून दोन शब्द.

रे ओझी यांच्या आयरिस असोसिएट्सनं नोट्स घडवलं, पहिली आवृत्ती १९८९ ची. कल्पनेचं मूळ इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणकीय शिक्षण यंत्रणेवरच्या नोट्समध्ये. १९९५ मध्ये आयबीएमनं लोटस कंपनी साडेतीन अब्ज डॉलरना घेतली, आणि २०१९ मध्ये नोट्स-डॉमिनो आपल्या एचसीएलकडे आलं. त्याची वैशिष्ट्यं म्हणजे स्कीमा (ठरलेला साचा) नसलेले दस्तऐवज, व्ह्यू, आणि शाखेतली प्रत लाइन मिळेल तेव्हा मुख्य प्रतीशी जुळवून घेणारं रेप्लिकेशन. आयरिसमध्ये काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी पुढे काउचडीबी हा डेटाबेस काढला, त्यात याच विचारांची सावली दिसते.

धागाकर्त्याला सांगायचं ते वेगळंच. नोट्समध्ये रीडर्स फील्ड नावाची चीज होती. दस्तऐवजातच एका फील्डमध्ये नावं लिहायची, ती माणसं सोडून कोणालाही तो दस्तऐवज दिसायचाच नाही. ॲडमिनलासुद्धा नाही. आणि सर्व्हरचं नाव त्यात नसेल तर दस्तऐवज त्या सर्व्हरवर रेप्लिकेटच व्हायचा नाही. शाखा फोन करून सांगायची, "आमच्याकडे प्रस्ताव आला नाही", आणि नवखा माणूस नेटवर्क तपासत बसायचा. जुना माणूस आधी रीडर्स फील्ड उघडायचा.

हीच व्यवस्था शेअरपॉइंटवर न्यायला गेलात तर प्रत्येक आयटमचा परवानग्यांचा वारसा तोडावा लागतो. वरवर सारखंच. पण तिथे प्रत्येक तुटलेला वारसा म्हणजे वेगळा सुरक्षा-परीघ. एका लिस्टला पन्नास हजारांची मर्यादा, आणि मायक्रोसॉफ्टचीच शिफारस पाच हजारांच्या आत राहायची. नोट्समध्ये लाखभर दस्तऐवज सहज असे राहायचे. म्हणून नोट्सचं ॲप्लिकेशन जसंच्या तसं उचलून ठेवणारे प्रोजेक्ट अडचणीत येतात. तिथे खात्यानुसार वेगळ्या लायब्ररी किंवा साइट कराव्या लागतात, म्हणजे कामाची मांडणीच नव्यानं करायची.

आमच्या वेळी अशा गोष्टी ओपनएनटीएफ या नोट्सच्या ओपन सोर्स कम्युनिटीच्या साइटवर आणि डेव्हलपर मंडळींच्या चर्चांमध्ये मिळायच्या. ऑर्लँडोला १९९३ पासून लोटस्फिअर हे नोट्सवाल्यांचं संमेलन भरायचं. तिकडे जाणं आमच्या ऐपतीत नव्हतं, पण तिथली सादरीकरणं हातोहात फिरायची. समुद्रापलीकडचा अनोळखी माणूस आपल्या लोटसस्क्रिप्ट (नोट्सची प्रोग्रॅमिंग भाषा) मधला लूप सुधारून पाठवतो, याचं मला आजही अप्रूप आहे. बाळा, तू योग्य प्रश्न विचारतो आहेस.

---

ओवी

काका, रीडर्स फील्डचा मुद्दा सोन्यासारखा. स्थलांतराच्या कामात ही तुलना मला कोणी आधी सांगितली असती तर किती बरं झालं असतं!

मला एक असा विषय मांडायचाय जो आपणच लिहायला हवा, कारण इंग्रजीत काम करणाऱ्याला तो कधी भेटतच नाही.

एका सहकारी संस्थेचं काम होतं, सगळ्या लिस्ट मराठीत हव्या होत्या. अपेक्षा अगदी रास्त. तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच हौसेनं कॉलम बनवले होते: "विभाग", "विभागप्रमुख" वगैरे. दिसायला सुरेख. फ्लो लिहायला घेतला आणि दोन कॉलममध्ये गोंधळ व्हायला लागला.

कारण असं. कॉलमला दोन नावं असतात, एक दाखवायचं आणि एक अंतर्गत. अंतर्गत नाव कॉलम बनवताना एकदाच ठरतं, नंतर बदलत नाही. त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं राहत नाही. प्रत्येक युनिकोड चिन्हाच्या जागी अंडरस्कोर, एक्स, चार अंकी कोड आणि पुन्हा अंडरस्कोर, अशा सात जागा लागतात. वेलांटी आणि काना ही वेगळी चिन्हं, त्यांच्याही सात-सात. "विभाग" म्हणजे व, वेलांटी, भ, काना, ग: पाच चिन्हं, पस्तीस जागा. आणि स्क्रीनवरून बनवलेल्या कॉलमचं अंतर्गत नाव बत्तीसवर कापलं जातं! म्हणजे "विभाग" हा एवढासा शब्दसुद्धा पूर्ण मावत नाही. "विभागप्रमुख"ची सुरुवात तीच, त्यामुळे कापल्यावर दोन्ही नावं सारखी, मग दुसऱ्याला शेपटीला एक अंक चिकटतो. कोडमध्ये कुठला कोणता ते नुसतं बघून ओळखणं अशक्य.

उपाय सोपा आहे. कॉलम आधी रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता बनवायचा, जतन करायचा, मग नाव बदलून मराठी करायचं. अंतर्गत नाव स्वच्छ राहतं आणि वापरणाऱ्याला मराठीच दिसतं. किंवा पीएनपी पॉवरशेलनं (शेअरपॉइंटला लेखी आज्ञा द्यायचं पीएनपीचं साधन) कॉलम बनवताना दोन्ही नावं वेगवेगळी द्यायची.

सह्याद्री_डेव्ह, तुम्हाला दाखवण्यासारखं काही नाही म्हणता ना? हे घ्या. मराठी, कोकणी, हिंदी, कुठल्याही देवनागरी साइटवर काय काय होतं ते नीट तपासून मराठीत लिहा. रशियन मंडळी त्यांच्या लिपीतल्या याच अडचणीबद्दल केव्हापासून लिहीत आहेत. आपल्याकडे जिल्हा पातळीवरच्या संस्थेतला संगणक सांभाळणारा मुलगा इंग्रजी दस्तऐवज वाचून हे शोधून काढेल अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

---

सह्याद्री_डेव्ह

सगळ्यांचे मनापासून आभार. ओवीताई, देवनागरीचा विषय मला फारच भावला.

दोन अडचणी राहतात. एक, कंपनीचा गुप्ततेचा करार. दुसरी, सराव करायला टेनंट कुठून आणायचा? मायक्रोसॉफ्टच्या डेव्हलपर प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवलं तर "आपण पात्र नाही" असं येतंय.

---

तळटीप

टेनंटची तक्रार अगदी रास्त आहे. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत तो मोफत सँडबॉक्स (सरावाचा टेनंट) जवळपास कोणालाही मिळायचा. गैरवापर वाढला म्हणून आता व्हिज्युअल स्टुडिओचं सशुल्क सदस्यत्व, पार्टनर कंपनी अशा अटी आहेत. तुमची कंपनी पार्टनर असेल तर आधी तिथे विचारा, कित्येकांना आपल्या कंपनीत ही सोय असल्याचं माहीतच नसतं. नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिकचं एकच लायसन्स स्वतःच्या पैशांनी घ्या. पूर्वी एसपीएफएक्सचा लोकल वर्कबेंच (स्वतःच्या संगणकावर वेबपार्ट तपासायचं पान) तरी होता, तो १.१३ आवृत्तीपासून काढला, त्यामुळे टेनंटशिवाय वेबपार्ट नीट तपासता येत नाही. शिकू पाहणाऱ्या मुलांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं आणि मी तसं योग्य ठिकाणी लिहितही असतो.

पण टेनंट नसतानाही एक दार उघडं आहे: दस्तऐवज. शेअरपॉइंटच्या डेव्हलपर दस्तऐवजांचा साठा गिटहबवर खुला आहे. चुकलेली पायरी, जुना स्क्रीनशॉट, न चालणारा नमुना दिसला की दुरुस्ती पाठवायची. पुल रिक्वेस्ट (गिटहबवर दुरुस्ती स्वीकारायची विनंती) कधीच केली नसेल तर पीएनपीच्या "शेअरिंग इज केअरिंग" उपक्रमात हात धरून शिकवतात.

करारासाठी: क्लायंटच्या कोडची एक ओळही बाहेर जाता कामा नये, यावर चर्चाच नको. घरी कोऱ्या लिस्टवर खोटे आयटम भरून तीच अडचण पुन्हा उभी करायची. ती उभी राहिली तर प्रश्न प्लॅटफॉर्मचा, नाही राहिली तर आपल्या कोडचा. दोन्हीकडून फायदाच. आणि ओपन सोर्समध्ये भाग घेण्याबद्दल मॅनेजरकडून ईमेलवर लेखी होकार घेऊन ठेवा, तोंडी नको.

---

कालवा_काठ

नेदरलँड्समधून लिहितोय. मराठीत या विषयावर एवढं वाचून बरं वाटलं.

एक वेगळं मत मांडतो. एसपीएफएक्समध्ये एवढा जीव ओतायची गरज राहिली आहे का? आमच्याकडे बहुतेक कामं पॉवर ॲप्स (फारसा कोड न लिहिता ॲप बनवायचं साधन) आणि पॉवर ऑटोमेटमध्येच होतात. नव्या माणसानं तिकडे जावं, कोड लिहिणाऱ्यांची मागणी कमी होत जाणार.

---

उद्यमनगर

कालवा_काठ, मागणीबद्दल तुम्ही तिथलं पाहून लिहिताय, ते मान्य. पण ज्ञानाची गरज कमी होते हे मला पटत नाही.

पॉवर ऑटोमेटमधली लिस्टमधले आयटम आणणारी "गेट आयटम्स" कृती काही न बदलता वापरली तर फक्त शंभर आयटम देते. चूक दाखवत नाही, मुकाट्यानं शंभर देते. पॉवर ॲप्समध्ये जी अट डेटा स्रोताकडे सोपवता येत नाही, ती पहिल्या पाचशे ओळींवरच चालते, सेटिंग वाढवून फार तर दोन हजार. ॲप बनवणाऱ्यानं दीडशे ओळींवर तपासलेलं असतं, सगळं बरोबर दिसतं. वर्षभरानं ओळी वाढतात आणि एखाद्या कर्मचाऱ्याची रजा शोधूनही सापडत नाही. ती आहे, फक्त पाचशेच्या पलीकडे आहे. कोड लिहिणाऱ्याच्या समोर निदान चूक येऊन उभी राहते, इथे तीही येत नाही. त्यामुळे अशी लो-कोड (कमी कोडची) साधनं वापरणाऱ्यांनाच हे समजावून सांगणारी माणसं जास्त लागतात.

---

कालवा_काठ

रजेचं उदाहरण पटलं. आमच्या टीममध्ये पाचशेची मर्यादा किती जणांना ठाऊक आहे ते उद्या विचारतो.

एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) या मायक्रोसॉफ्टच्या किताबाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून: तो परीक्षा देऊन मिळत नाही. कम्युनिटीसाठी केलेल्या कामाबद्दल मायक्रोसॉफ्ट देते, मुदत वर्षाची आणि दर वर्षी पुन्हा पारख. छान मान आहे, पण तो डोळ्यासमोर ठेवून उत्तरं लिहिणारे लगेच ओळखू येतात. उत्तरांची संख्या वाढते आणि दर्जा घसरतो.

---

ओवी

यावर पूर्ण सहमत. आणि एक विनंती: चॅटबॉटचं उत्तर स्वतः चालवून न पाहता कुणाच्या प्रश्नाखाली चिकटवू नका. अस्तित्वातच नसलेली फंक्शन्स त्यात बेधडक येतात आणि विचारणाऱ्याची अख्खी संध्याकाळ वाया जाते.

पीएनपी पॉवरशेलच्या मंडळींनी ९ सप्टेंबर २०२४ ला सामायिक लॉगिन ॲप काढून टाकलं, तेव्हा असंच झालं होतं. स्वतःच्या टेनंटमध्ये एन्ट्रा या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेत स्वतःचं ॲप नोंदवायचं आणि त्याचा आयडी द्यायचा, एवढंच करायचं होतं. सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच, सगळ्यांनी मिळून एक व्यापक परवानग्यांचं ॲप वापरणं धोक्याचंच होतं. पण चॅटबॉट कितीतरी दिवस जुनीच पद्धत सांगत होते. खरं उत्तर मिळालं ते त्या प्रकल्पाच्या गिटहबवर, माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं.

---

पहिलाच_प्रतिसाद

खूप दिवस वाचनमात्र होतो. उद्यमनगर, एक शंका. आमच्या लिस्टमध्ये फक्त नऊशे आयटम आहेत, तरी एक व्ह्यू थ्रेशोल्डची चूक देतो. पाच हजारांचा तर प्रश्नच नाही. मग काय असावं?

---

उद्यमनगर

त्या व्ह्यूमध्ये लुकअप कॉलम (दुसऱ्या लिस्टमधून माहिती आणणारे) किती आहेत ते मोजा. एका क्वेरीत बारा जोडण्यांची वेगळी मर्यादा आहे, आयटम कितीही कमी असोत. आणि फक्त लुकअप मोजून थांबू नका. व्यक्ती निवडायचे कॉलम, मॅनेज्ड मेटाडेटाचे (ठरलेल्या शब्दसूचीतून निवडायचे) कॉलम हेही त्यातच धरले जातात. "कोणी बनवलं", "कोणी बदललं" हे दोन व्ह्यूमध्ये असतील तर आधी ते काढून बघा. त्यानं चाललं तर व्ह्यूचे दोन भाग करा, एक मंजुरी देणाऱ्यांसाठी आणि एक हिशेबवाल्यांसाठी. सगळे कॉलम सगळ्यांना क्वचितच लागतात.

नाही चाललं तर व्ह्यूमधल्या कॉलमचे प्रकार इथे लिहा. नावं नकोत, फक्त प्रकार.